शेतावरील लहान संगणकाची कार्यप्रणाली स्वतः बांधण्याची रीत

बियाणें घरचें असावें, हें आपल्या वाडवडिलांचें मत सर्वश्रुत आहे. विकत आणलेल्या बियाण्याचें पीक चांगलें येत नाहीं असें नव्हे. परंतु पुढच्या सालीं तें मिळेल कीं नाहीं, आणि मिळाल्यास तेंच असेल कीं दुसरें, हें आपल्या हातीं राहत नाहीं. हीच गोष्ट शेतावर बसविलेल्या लहान संगणकासहि लागू पडते, असें आमच्या अनुभवास आलें. तो अनुभव व त्यांतून शिकलेली कृति वाचकांपुढें ठेवावी, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

१. हा खटाटोप कां?

डोणगांव हें बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यांतील गांव. खरिपांत सोयाबीन, तूर व कपाशी आणि रब्बींत हरभरा व गहूं हीं येथलीं मुख्य पिकें. गेल्या तीस-चाळीस वर्षांत विदर्भांत ज्वारीची बरीचशी जागा सोयाबीननें घेतली, तशी येथेंहि घेतली. आणि सोयाबीन हें पीक असें कीं, फुलोऱ्यापासून दाणा भरेपर्यंत त्यास पाण्याची ओढ सोसत नाहीं. पाऊस तर सर्वत्र सारखा पडत नाहीं. नाल्याच्या अलीकडे चिखल आणि पलीकडे धूळ, हा देखावा आम्हांस नवा नाहीं. सरकारी पर्जन्यमापन महसूल मंडळावार होतें, आणि मंडळांत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस भरला म्हणजे अतिवृष्टि, असा निकष मदतीच्या कामीं लावण्यांत येत आला आहे. परंतु एका मंडळांत गांवें अनेक असतात. आपल्या बांधावर किती पडला, हें आपलें आपण मोजल्यावांचून कळत नाहीं. आपलें माप सरकार प्रमाण मानील असें नव्हे. परंतु ज्याच्यापाशीं तारखेवार नोंद आहे त्याचें बोलणें निराळें आणि ज्याच्यापाशीं नुसती आठवण आहे त्याचें निराळें.

म्हणून आमच्यापैकीं कांहींजणांनीं मिळून विहिरीजवळच्या खोपटांत एक लहान संगणक बसविला. त्यास एक पर्जन्यमापक, जमिनीचा ओलावा सांगणारीं दोन मापकें, एक तापमापक आणि पंप चालू आहे कीं बंद हें कळविणारी एक तार जोडली. पहिल्या सालीं बोर्डासाठीं जी सर्वसाधारण तयार सिस्टिम मिळते, तीच मेमरी कार्डावर उतरवून घेतली. काम उत्तम चाललें. पुढें भाद्रपदाच्या आरंभीं एके रात्रीं वीज तीन-चार वेळां गेली आणि आली. सकाळीं पाहतों तों संगणक उठेना. कार्डावर लिहिणें चालू असतांच वीज तुटल्यामुळें फाइलींची व्यवस्था बिघडली होती. पंधरवड्याच्या पावसाच्या नोंदी गेल्या.

तें नुकसान सोसलें. परंतु पुढें जें घडलें त्यानें आम्ही खरे जागे झालों. नवें कार्ड आणून तीच सिस्टिम पुन्हां उतरविली, तों ती पूर्वीची नव्हती. मधल्या काळांत तिची नवी आवृत्ति निघाली होती. आम्हीं मापकांसाठीं जे जे फेरफार केले होते ते सर्व त्या बिघडलेल्या कार्डावरच होते. वहींत एक ओळ टिपलेली नव्हती. आठ दिवस यंत्र मुकें राहिलें, आणि त्याच आठ दिवसांत, सोयाबीनच्या शेंगांत दाणा भरत असतां, पावसानें ओढ दिली. विहिरींत पाणी थोडें. तें कोणत्या तुकड्यास आधीं द्यावें हें ठरविण्यास ज्या नोंदी पाहिजे होत्या, त्या नेमक्या त्या वेळीं नव्हत्या. दोष तयार सिस्टिमचा नव्हता. आम्हीं पीक पाहिलें, पण बियाणें राखलें नाहीं, हा दोष आमचा. दुसऱ्या सालीं आम्हीं कार्यप्रणाली स्वतः बांधावयाचें ठरविलें.

२. यंत्राची ओळख

प्रोसेसर, स्मृति, कार्डाची खांच व तारा जोडण्याच्या पिना हें सर्व ज्यांत तळहातावर मावेल अशा एकाच पाटीवर असतें, त्यास एका बोर्डावरील संगणक म्हणतात. ब्रिटनमधील रास्पबेरी पाय फाउंडेशनचा पहिला बोर्ड २९ फेब्रुवारी २०१२ रोजीं विक्रीस आला; बीगलबोन ब्लॅक हा दुसरा प्रसिद्ध बोर्ड २०१३ सालीं निघाला. पुढें या जातीचे अनेक बोर्ड बाजारांत आले. घरच्या संगणकाहून यांत तीन उणिवा असतात, त्या शेतकऱ्यानें आधींच जाणून घ्याव्या.

पहिली उणीव घड्याळाची. रास्पबेरी पायच्या बहुतेक बोर्डांवर बॅटरीवर चालणारें घड्याळ नसतें. वीज गेली कीं वेळहि गेली. इंटरनेट असल्यास तो वेळ विचारून घेतो. शेतांत तें नसलें तर तो मनानेंच कांहीं तरी तारीख धरून चालतो. तारीख चुकलेली पावसाची नोंद म्हणजे नांव नसलेला सातबारा. यासाठीं डीएस-३२३१ या जातीचें लहान घड्याळ नाण्याएवढ्या बॅटरीसह निराळें जोडावें.

दुसरी उणीव मापनाची. रास्पबेरी पायच्या पिनांस 'आहे' व 'नाहीं' एवढेंच कळतें; कमीजास्त होणारा विजेचा दाब कळत नाहीं. ओलाव्याचीं पुष्कळ मापकें तर दाबाच्या चढउतारानेंच बोलतात. त्यांच्यासाठीं मध्यें दाबाचे आंकडे करून देणारी एक चिप घालावी लागते. बीगलबोनवर अशी सोय मूळचीच आहे, परंतु तिला १.८ व्होल्टांहून अधिक दाब चालत नाहीं. रास्पबेरी पायच्या पिनांसहि ३.३ व्होल्ट हीच मर्यादा. पांच व्होल्टांची तार चुकून लावल्यास पिन, आणि कधीं कधीं सारा बोर्ड, जळून जातो.

तिसरी उणीव सांठ्याची. सर्व कांहीं एका मेमरी कार्डावर असतें, आणि तें कार्ड लिहितां लिहितां वीज तुटणें सहन करीत नाहीं. आमचें नुकसान येथेंच झालें.

येथें एक गोष्ट मोकळेपणानें सांगितली पाहिजे. नुसता पाऊसच मोजावयाचा असेल तर इतका मोठा संगणक नको. एखादा लहान मायक्रोकंट्रोलर तें काम कमी विजेवर करील, व त्यास कार्यप्रणालीहि लागणार नाहीं. जेथें अनेक मापकें, सालोसालच्या नोंदी, आणि शेजारच्या शेतकऱ्यांस मोबाइलवर तक्ता दाखविणें अशीं कामें एकत्र येतात, तेथेंच हा बोर्ड शोभतो.

३. कार्यप्रणालीचे चार भाग

वीज सुरू झाल्यापासून नोंद होऊं लागेपर्यंत यंत्रांत चारजण एकामागून एक उठतात व एकमेकांस काम सोंपवितात.

पहिला बूटलोडर. कार्डावरील मुख्य गाभा शोधून स्मृतींत आणून ठेवणें, एवढेंच त्याचें काम. बीगलबोनसारख्या बोर्डांवर यू-बूट नांवाचा बूटलोडर असतो. रास्पबेरी पायची तऱ्हा निराळी आहे: तेथें चित्रें काढणारा भाग आधीं जागा होतो, कार्डाच्या पहिल्या खंडांतील फाइली वाचतो आणि मग मुख्य प्रोसेसरास उठवितो.

दुसरा कर्नेल, म्हणजे गाभा. यंत्राचा प्रत्येक अवयव याच्या ताब्यांत असतो. आपण वापरतों तो लिनक्स कर्नेल लिनस टॉरवाल्ड्स यानें फिनलंडमध्यें विद्यार्थी असतां १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केला. आज त्यावर जगभरचे हजारों लोक काम करितात.

तिसरें डिव्हाइस ट्री. यास बोर्डाचा गांवनकाशा म्हणावें. कोणत्या पिनेवर काय आहे, घड्याळ कोणत्या तारेवर आहे, हें त्यांत लिहिलेलें असतें. नकाशांत जी विहीर दाखविलेली नाहीं ती तलाठ्याच्या लेखीं नाहींच. त्याचप्रमाणें नकाशांत नसलेलें मापक कर्नेलच्या लेखीं नाहीं, मग तें प्रत्यक्ष जोडलेलें असलें तरी.

चौथा भाग मूळ फाइलव्यवस्था. हींत सी भाषेचें ग्रंथालय, रोजच्या लहानसहान आज्ञा आणि आपला स्वतःचा नोंदीचा कार्यक्रम येतो. रोजच्या आज्ञांसाठीं बिझीबॉक्स वापरतात. ब्रूस पेरेन्स यानें १९९५ सालीं तो एका फ्लॉपीवर मावेल अशा बेतानें रचला. एकाच दांड्याला निरनिराळीं पातीं बसवून कोळपें, वखर सर्व करावें, तसा हा एकच लहान कार्यक्रम शेंकडों आज्ञांचें काम करितो.

हीं कामें आपल्यासारख्यांचीं नव्हत, असें कोणीं समजूं नये. १९८० च्या दशकांत हवा तसा महासंगणक अमेरिकेकडून मिळेना, तेव्हां १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली. तिनें बाजारांत मिळणारे लहान प्रोसेसर एकत्र जुळवून १९९१ सालीं परम ८००० उभा केला, आणि त्यावर काम करण्याचीं साधनें येथेंच लिहिलीं. त्या कामाचे प्रमुख डॉ. विजय भटकर हे आमच्याच वऱ्हाडांतले. त्यांचा जन्म अकोला जिल्ह्यांतील मुरंबा या खेड्यांत झाला. आमचा उद्योग त्या मानानें कणभर आहे. पण रीत तीच. तयार यंत्र जसें मिळेल तसें न घेतां, भाग निवडून आपल्या गरजेपुरतें जुळवावयाचें.

४. बांधावयाचें कोठें?

बैलगाडी सुताराच्या कामठ्यांत होते, पण ती चालते शेतांत. त्याचप्रमाणें लहान बोर्डाची कार्यप्रणाली मोठ्या संगणकावर बांधतात. बोर्डाचा प्रोसेसर दुर्बळ. त्याच्यावरच बांधूं गेल्यास दिवस मोडतात. मोठ्या संगणकाचा प्रोसेसर निराळ्या जातीचा असल्यामुळें, येथें बसून तेथली भाषा लिहिणारीं हत्यारें प्रथम तयार करावीं लागतात. हत्यारांच्या या संचास टूलचेन म्हणतात.

हें सर्व क्रमानें करून देणारी बिल्डरूट नांवाची मोफत व्यवस्था आहे. ती २००१ च्या सुमारास सुरू झाली; २००९ पासून तिच्या आवृत्त्या नेमानें निघत आल्या आहेत, व फेब्रुवारीची आवृत्ति दीर्घकाळ सांभाळली जाते. शेतकऱ्यानें तीच घ्यावी. योक्टो नांवाची दुसरी व्यवस्था २०१० सालीं जाहीर झाली. ती मोठ्या कारखान्यांस सोयीची, परंतु तिचा पसारा आमच्या कामास झेपणारा नाहीं.

लिनक्स असलेला बरा संगणक, दहा-वीस गिगाबाइट मोकळी जागा आणि पहिल्या दिवशीं चांगलें इंटरनेट एवढें साहित्य लागतें. आमच्या एका सभासदाचा मुलगा अभियांत्रिकी शिकतो. त्याच्या संगणकावर आम्हीं हें केलें.

५. कृति

(१) बोर्डाची जात ओळखणें. रास्पबेरी पाय झीरो व झीरो २ हे दिसावयास जवळजवळ सारखे. परंतु पहिल्याचा प्रोसेसर जुन्या सहाव्या पिढीचा आहे व दुसऱ्याचा नव्या चौसष्ट बिटांचा. दुसऱ्यासाठीं बांधलेली प्रणाली पहिल्यावर चालत नाहीं. बियाण्याच्या पिशवीवरील वाण वाचावा, तसें बोर्डावरील नांव व क्रमांक भिंगानें वाचून वहींत लिहावें.

(२) पाया निवडणें. बिल्डरूटच्या संग्रहांत प्रत्येक परिचित बोर्डासाठीं एक लहान निवडपत्र असतें, त्यास डेफकॉन्फिग म्हणतात. 'मेक' या आज्ञेपुढें आपल्या बोर्डाच्या निवडपत्राचें नांव लिहिलें म्हणजे पाया घातला जातो. हें काम साध्या वापरकर्त्याच्या नांवानें करावें, मुख्य प्रशासकाच्या नांवानें करूं नये. आणि ज्या फोल्डरांत काम करावयाचें त्याच्या नांवांत मोकळी जागा नसावी.

(३) निवड करणें. 'मेक मेनूकॉन्फिग' या आज्ञेनें एक यादी उघडते. प्रोसेसर, टूलचेन, सिस्टिमची मांडणी, कर्नेल, पॅकेजें, फाइलव्यवस्था, बूटलोडर असे तिचे भाग आहेत. येथें मोह आवरावा. पॅकेजें हजारों आहेत व सर्वच उपयोगी दिसतात. आम्हीं पहिल्या खेपेस चाळीसच्या वर घेतलीं. बांधणी रात्रभर चालली आणि शेवटीं त्यांतलीं बहुतेक काढलीं. आमचा नियम असा: ज्याचें काम एका वाक्यांत सांगतां येत नाहीं, तें घेऊं नये. शेवटीं बिझीबॉक्स, पिना वाचण्याचें लिब-जीपीआयओडी, घड्याळाची आज्ञा, दुरून प्रवेशाचें एक लहान साधन व तक्ता दाखविणारा लहान वेब सर्व्हर एवढेंच राहिलें.

(४) कर्नेल जुळविणें. 'मेक लिनक्स-मेनूकॉन्फिग' ही आज्ञा कर्नेलची स्वतंत्र यादी उघडते. घड्याळ, तापमापक व फाइलव्यवस्था यांचे चालक येथें निवडावे. मूळ फाइलव्यवस्थेचा चालक कर्नेलच्या आंतच असावा. तो बाहेर ठेवल्यास किल्ली कुलपाच्या आंत राहिल्यासारखें होतें.

(५) आपलें दफ्तर वेगळें ठेवणें. आपला नोंदीचा कार्यक्रम, सुरू होतांना चालावयाच्या आज्ञा, मापकांचा नकाशा हें सर्व बिल्डरूटच्या घरांत न ठेवतां बाहेर स्वतंत्र फोल्डरांत ठेवावें. तशी सोय बिल्डरूटनेंच केलेली आहे. म्हणजे उद्यां नवी आवृत्ति आणली तरी आपलें सामान तेंच राहतें.

(६) बांधणें. नुसतें 'मेक' लिहावें. मग यंत्र स्वतः मूळ संहिता उतरवून घेतें, टूलचेन करितें, कर्नेल बांधतें व शेवटीं कार्डावर उतरविण्याजोगी एकच प्रतिमा तयार करितें. संगणकाच्या शक्तीप्रमाणें पहिल्या खेपेस अर्ध्या तासापासून कित्येक तास लागतात. टूलचेन किंवा प्रोसेसर यांची निवड बदलल्यास मागचें सर्व पुसून पुन्हां आरंभ करावा. अर्धवट बदलानें विचित्र चुका उत्पन्न होतात व त्या शोधण्यांत बांधणीहून अधिक वेळ जातो.

(७) बियाणें राखणें. हीच या लेखांतील मुख्य गोष्ट. 'मेक सेव्हडेफकॉन्फिग' या आज्ञेनें आपण केलेली सर्व निवड थोडक्या ओळींच्या एका फाइलींत उतरते. कर्नेलची निवडहि अशीच वेगळी राखावी. 'मेक सोर्स' ही आज्ञा लागणारी सर्व मूळ संहिता एकत्र उतरवून ठेवते. ती निराळ्या डिस्कवर ठेवावी, कारण आज जेथून ती मिळते तें ठिकाण उद्यां असेलच असें नाहीं. निवडपत्र, आपलें दफ्तर, मूळ संहिता व बिल्डरूटच्या आवृत्तीचा क्रमांक या चार गोष्टी एकत्र असल्या म्हणजे तीच प्रणाली पुन्हां उभी करतां येते. नुसती तयार प्रतिमा म्हणजे पीक. या चार गोष्टी म्हणजे बियाणें.

(८) कार्डावर उतरविणें. प्रतिमा कार्डावर लिहितांना कार्डाचें नांव दोनदां पाहावें. त्या ठिकाणीं चुकून संगणकाच्या डिस्कचें नांव पडल्यास डिस्क पुसली जाते, आणि विचारणारा कोणी नसतो. बांध ओळखल्यावांचून नांगर घालूं नये.

६. वीज तुटली तरी टिकावें म्हणून

कार्डाचे आम्हीं तीन खंड केले. पहिल्यांत बूटच्या फाइली. दुसऱ्यांत मूळ फाइलव्यवस्था. ती फक्त वाचतां येईल अशी, स्क्वॉशएफएस या दाबून बांधलेल्या स्वरूपांत. तिच्यावर कोणी लिहीतच नाहीं, म्हणून वीज तुटली तरी ती बिघडत नाहीं. तिसरा खंड नोंदींचा. लिहिणें काय तें येथेंच. दर दहा मिनिटांनीं तारीख, वेळ व मापें अशी एक ओळ लिहावयाची आणि ती प्रत्यक्ष कार्डावर पोंचल्याची खात्री करून मगच पुढें जावयाचें. वाईटांत वाईट म्हणजे शेवटची एक ओळ जाईल. पंधरवडा जाणार नाहीं. हा खंड उघडला नाहीं तरी बाकीची प्रणाली उठावी व तसें कळवावें, अशीहि योजना असावी. आठवड्यांतून एकदां नोंदींची प्रत गांवांत आणावी.

यंत्र अडकून पडल्यास त्यास पुन्हां सुरू करणारा वॉचडॉग, म्हणजे राखणदार, रास्पबेरी पायच्या प्रोसेसरांतच असतो. सुमारें पंधरा सेकंदांत त्यास कोणीं हांक न दिल्यास तो यंत्र पुन्हां सुरू करितो. ही हांक देण्याचें काम नोंदीच्या कार्यक्रमाकडेच असावें. बिझीबॉक्समधील तयार आज्ञेकडे तें सोंपविल्यास नोंदीचा कार्यक्रम मेला तरी हांक चालूच राहते, आणि राखणदार स्वस्थ बसतो.

प्रवेशाचा पासवर्ड स्वतःचा घालावा. शक्य तर पासवर्डाऐवजीं किल्लीची फाइल वापरावी. जी सेवा लागत नाहीं ती घेतलीच नाहीं म्हणजे तिच्या दारानें कोणी शिरत नाहीं, हा स्वतः बांधण्याचा आणखी एक लाभ.

७. उठत नसल्यास

स्क्रीन न लावतां तीन तारांची सीरियल जोडणी करून यंत्राचें बोलणें मोठ्या संगणकावर वाचावें. तें कोठें थांबलें यावरून रोग कळतो.

कांहींच बोलणें नाहीं: पहिल्या खंडांतील फाइली अपुऱ्या, किंवा बोर्डाची जात चुकली.

कर्नेल बोलतो, पण मूळ फाइलव्यवस्था सांपडत नाहीं म्हणून थांबतो: खंडाचें नांव चुकलें, किंवा त्या फाइलव्यवस्थेचा चालक कर्नेलच्या आंत नाहीं.

फाइलव्यवस्था सांपडते, पण पहिला कार्यक्रम सुरू होत नाहीं: प्रोसेसराची किंवा सी ग्रंथालयाची निवड जुळत नाहीं.

सर्व उठतें, पण मापक दिसत नाहीं: आधीं तार पाहावी, मग नकाशा, मग चालक. आमच्या येथें तीनदां हा दोष निघाला. दोनदां तो तारेचाच होता.

८. मापाची परीक्षा

प्रणाली कितीहि चांगली बांधली, तरी माप खोटें असेल तर सर्व व्यर्थ. आमच्या पर्जन्यमापकांत एक दुहेरी पात्र आहे. ठराविक पाणी भरलें कीं तें एका बाजूस कलंडतें व तारेवर एक ठोका देतें. एका कलंडण्यास ०.२ मिलिमीटर पाऊस धरलेला आहे. मापकाचें तोंड २० सेंटिमीटर व्यासाचें, म्हणजे सुमारें ३१४ चौरस सेंटिमीटर. तेव्हां एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ३१.४ मिलिलिटर पाणी. ३१४ मिलिलिटर पाणी मोजून अर्ध्या तासांत थेंबथेंब सोडावें. संगणकानें ५० ठोके, म्हणजे १० मिलिमीटर, दाखविले पाहिजेत.

आम्हीं प्रथम हें केलें तेव्हां ७९ ठोके आले. मापक नवें, पाणी बरोबर मोजलेलें. मग चूक कोठें? कलंडतांना आंतील स्विच एकदां न मिटतां थरथरतो व एका ठोक्याचे दोन-तीन होतात, असें शोधाअंतीं कळलें. एका ठोक्यानंतर सेकंदाचा दहावा भाग दुसरा ठोका मोजूं नये, असा नियम कार्यक्रमांत घातला. मग आंकडा ५० वर आला. पाणी ओतून पाहिलें नसतें, तर आम्हीं वर्षभर दीडपट पाऊस मोठ्या अभिमानानें लिहीत बसलों असतों. तसेंच, मुसळधार पावसांत हीं मापकें थोडें कमी दाखवितात, हेंहि लक्षांत असावें.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरीं सुमारें ४,०४७ लिटर पाणी. पंप किती तास चालला ही नोंद आणि हा हिशेब शेजारीं शेजारीं ठेवला, म्हणजे आभाळानें किती दिलें आणि विहिरीनें किती दिलें, हें शेतकऱ्यास एका ओळींत दिसतें.

९. समारोप

दुसऱ्या सालीं पोळ्याच्या सुमारास पुन्हां तशीच रात्र आली. वीज किती वेळां गेली हें आम्हीं मोजलें नाहीं, संगणकानें मोजलें. पांच वेळां. दर वेळीं तो कांहीं सेकंदांत उठला आणि नोंदींत एकहि खिंड पडली नाहीं. पुढें एकदां कार्ड खरोखरच निकामी झालें, तेव्हां नवें कार्ड, तीच प्रतिमा व चहा होईपर्यंतचा वेळ एवढ्यांत यंत्र पूर्ववत् चालूं लागलें.

या कामांत प्रणालीस पैसा लागत नाहीं. लागतो तो बोर्ड, घड्याळ, मापकें व कार्ड यांस. शिकणाऱ्यास चार-सहा आठवड्यांच्या संध्याकाळी द्याव्या लागतात. प्रत्येक शेतकऱ्यानें हें शिकावें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु प्रत्येक गांवांत एकास तरी तें यावें आणि त्यानें तें वहींत लिहून ठेवावें. शिकलेला मुलगा उद्यां पुण्यास नोकरीस जाईल. वही गांवांतच राहिली पाहिजे. ज्या मूळ संहितेवर हें सारें उभें आहे तिचा परवानाहि असाच आहे कीं, प्रणाली दुसऱ्यास देणाऱ्यानें तिचें मूळहि त्यास द्यावें. 'मेक लीगल-इन्फो' ही आज्ञा तें गोळा करून देते. शेजाऱ्यास बियाणें द्यावयाचें तें उगवणारें द्यावें, हा आपला जुनाच रिवाज.

आमचें निवडपत्र व वहीची नक्कल ज्या सभासदांस पाहिजे असेल, त्यांनीं पेरणीची घाई संपल्यावर, कोरें कार्ड घेऊन डोणगांवीं यावें. कार्ड भरून देऊं. परंतु प्रथम त्यांच्याकडून एकदां स्वतःच्या हातानें बांधवून घेऊं.